पंधरा एमएमची ऐट

लवूकाका धुरी गाडीकडे मागून बघतात. समोरून बघा म्हटलं तर म्हणतात, "थोबाड काय बघायचं, थोबाड सगळ्यांचं धुतलेलं असतं." त्या दिवशीही ते काळाचौकीतल्या आपल्या गाळ्यासमोर भर रस्त्यात उकिडवे बसले आणि बुद्धभूषणच्या पिवळ्या गाडीच्या पार्श्वभागाकडे दोन मिनिटं टक लावून राहिले. मागे एक टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन दमला. अडुसष्ट वर्षांचा माणूस इतका वेळ उकिडवा बसू शकतो, याचंच मला जास्त कौतुक वाटत होतं.

"चाकं आत गेलीत," ते शेवटी म्हणाले. "कवळी काढल्यावर गाल जातात तशी."

"तेच तर काका," बुद्धभूषण म्हणाला. "गाडी भारी आहे, पण उभी राहते बिचाऱ्यासारखी."

"मग काय, पैलवानासारखी पाय फाकून उभी करायची?"

"थोडीच. मागच्या चाकांना पंधरा एमएम. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा."

लवूकाकांनी अंगठा आणि पहिलं बोट जरासं लांब केलं आणि त्या फटीतून गाडी बघितली. "पाच सुताला थोडं कमी," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. जग एमएमवर गेलं त्याला जमाना झाला, पण लवूकाका अजून सुतावरच होते.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाक गाडीला जिथे कसतात तिथे मध्ये ॲल्युमिनियमची एक जाड चकती घालायची. चाक तेवढं बाहेर येतं, वरच्या पत्र्याच्या काठाशी बरोबर मिळतं आणि गाडी रुंद, दांडगी दिसते. ताकद वाढत नाही, वेग वाढत नाही, आरटीओच्या साहेबाने बघितलं तर ताप मात्र वाढतो. त्या चकतीला स्पेसर म्हणतात आणि त्या दिसण्याला स्टान्स. आमच्या देवरुखकडे त्याला ऐट म्हणतात, आणि ती फुकट असते.

मला हे ठाऊक असण्याचं कारण, मी माझगावला वैभवच्या दुकानात कामाला आहे. वैभव गाड्या सजवतो. मी त्यांचे फोटो काढतो आणि फोटोंखाली ओळी लिहितो. राहायला मी लवूकाकांच्याच चाळीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर. तेव्हा बुद्धभूषणची गाडी त्या गाळ्यासमोर आली ती माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

लवूकाका सतराव्या वर्षी वेंगुर्ल्याहून आले आणि गिरणीत लागले. पण कापड विणायच्या साच्यावर नाही, वर्कशॉपला. टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून मापात कापणारा. गिरणी बंद झाली तेव्हा ज्या लेथवर त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती तेच सहा फुटी मशीन त्यांनी लिलावात उचललं आणि दौलतच्या गाळ्यात आणून बसवलं. दौलत म्हणजे त्यांचा जुना दोस्त, तीन दारं सोडून स्टेशनरीचं दुकान चालवतो. पुढची पंचवीस वर्षं लवूकाकांनी पंपांचे शाफ्ट, पिठाच्या गिरण्यांचे बुश, गोदीतल्या लोकांची सटरफटर कामं केली. मग पंप आख्खे बदलायची पद्धत आली. पिठाच्या गिरण्याही एकेक करून बंद झाल्या. कामं आली की दौलतला ऐकू यायची आणि बंद झाली की तेही ऐकू यायचं.

दिवाळीत दौलत गाळ्यात येऊन बसला. म्हणाला, "लवू, पार्सलवाले विचारतायत गाळा. मी नाही म्हटलं. तुझं मशीन चालू आहे तोवर मी तुला हलवणार नाही. पण बंद पडलं की मोकळा कर बाबा. शिमग्यापर्यंत बघू."

यात दौलतचं काही चुकलं असं मला वाटत नाही. लवूकाकांनाही वाटलं नाही. त्यांनी फक्त शब्द नीट पकडला. चालू आहे तोवर. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला ते मशीन सुरू करायचे आणि एकपर्यंत चालवायचे. काम नव्हतंच. कोपऱ्यात पडलेले जुने लोखंडी रॉड एकेक करून चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरायचे आणि सोलत बसायचे. मनगटाएवढा रॉड बोटाएवढा व्हायचा, बोटाएवढा पेन्सिलीएवढा, मग दुसरा. अंबिकाकाकी, म्हणजे त्यांची बायको, रोज डबा घेऊन जायची आणि पायाखालचा बुरा बघून म्हणायची, "लोखंडाचो किस पाडतंत. खोबऱ्याचो पाडलो असतो तर वडये तरी झाले असते."

"गाळो ऱ्हवता ना? मगे गप."

"ऱ्हवता. रॉड संपले काय तुमी माझी उलथनी घेऊन येतलात, ठावक आसा माका."

रॉड खरंच संपत आले होते. त्याच सुमाराला बुद्धभूषणची गाडी वैभवकडे आली.

बुद्धभूषण मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर, मग घरी. त्याचे वडील जगदीश लवूकाकांच्याच गिरणीत स्पिनिंगला होते. मागच्या सुट्टीत त्याने ही जुनी, दोन दारांची जपानी गाडी घेतली आणि सगळी सुट्टी तिला पुसण्यात घालवली. तिच्या मागच्या काचेवर निळ्या अशोकचक्राचा एकच स्टिकर, बाकी काही नाही. तिच्या मापाचे स्पेसर बाजारात तयार मिळेनात. बाहेरून मागवावेत तर येईपर्यंत याची सुट्टी संपणार. बावीस दिवस उरले होते.

मी वैभवला म्हटलं, आमच्या खाली एक माणूस आहे.

वैभव धंद्याचा माणूस आहे, पण वाईट नाही. तो म्हणाला, "करू दे. पहिली जोडी जमली तर महिन्याला आठ-दहा सेट त्यांनाच देतो. मला ते करून घ्यायला वसईला फेऱ्या मारायचा कंटाळा आलाय. पण जमली पाहिजे, बॉस. चाकाचा मामला आहे."

आठ-दहा सेट म्हणजे लेथ रोज चालणार. खरोखरचं चालणार. दौलतला जे ऐकू येईल ते खोटं नसेल. हे मी लवूकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला रॉड बाजूला ठेवला आणि मशीन बंद केलं. अकराच वाजले होते.

बुद्धभूषणने कागदावर आकृती काढून दिली. चकतीच्या मधलं भोक, म्हणजे बोअर, गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या गोल उंचवट्यावर बसतं. हबचा व्यास साठ पॉइंट एक. पाच बोल्टांची भोकं अमुक अंतरावर. सगळं स्वच्छ अक्षरात.

"बोअर टाइट हवा, काका," तो म्हणाला. "लाकडी दांड्याने ठोकून बसला पाहिजे. सैल राहिला तर चकती मधोमध बसणार नाही आणि चाक डोलेल."

"तू मला शिकवतोस? तुझ्या बापाच्या रिंगफ्रेमचे बुश मी केलेत."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"बाप काय म्हणतो?"

"पप्पा म्हणतात, गाडीला चकत्या घालण्यापेक्षा बायको बघ."

"तिलाही ठोकूनच बसवायला लागतं," लवूकाका म्हणाले, आणि आत अंबिकाकाकी आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

ॲल्युमिनियम कापताना रॉकेल सोडावं लागतं, नाहीतर ते टूलच्या टोकाला गोंदासारखं चिकटतं. आता मुंबईत रॉकेल कुठून आणायचं? अंबिकाकाकीने मोरीवरच्या फळीमागून एक बाटली काढली. स्टोव्हच्या जमान्यातली, अर्धी भरलेली. म्हणाली, लागेल म्हणून ठेवली होती. कशाला लागेल ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांत पहिली जोडी झाली. ती मी हातात घेतली तेव्हा तिच्यात माझं तोंड दिसलं, आणि घरच्या आरशापेक्षा बरं दिसलं. मी फोटो काढला, खाली लिहिलं, 'काळाचौकीच्या हाताचं काम'. त्यावर दुपारपर्यंत दोनशे लोकांनी बदाम टाकले. लवूकाकांना ते दाखवलं तर म्हणाले, "बदाम कशाला, चहा पाठव म्हणावं."

वैभवच्या दुकानात गाडी उचलली, मागचं चाक काढलं. लवूकाका स्वच्छ शर्ट घालून आले होते, खिशात चष्म्याचं घर. बुद्धभूषणने चकती हबला लावली. ती आपसूक आत सरकली आणि जाऊन बसली. आवाजसुद्धा झाला नाही.

"लोणी," लवूकाका म्हणाले.

वैभवने बुद्धभूषणकडे बघितलं. बुद्धभूषणने चकतीच्या कडेला दोन बोटं लावून ती वरखाली करून बघितली. टिक. टिक. ऐकायला अगदी बारीक.

"काका, हलतंय."

"हलणारच. श्वास ठेवलाय."

"काय ठेवलंय?"

मग ते कळलं. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लवूकाकांना ज्याने काम शिकवलं तो रघु मिस्त्री. खात्यात उकाडा, वाफ, दिवसरात्र फिरणारे शाफ्ट. लोखंड तापलं की फुगतं. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी; तिचं भोक शाफ्टच्या मापाला बरोबर केलं तर तासाभरात शाफ्ट आत अडकतो, आख्खी लाइन थांबते आणि खात्याचा मुकादम, जॉबर, वर्कशॉपमध्ये येऊन आयाबहिणी काढतो. म्हणून भोक मापाला आणल्यावर आणखी एक हलका हात फिरवायचा, केसभर. याला रघु मिस्त्री श्वास म्हणायचा. भोकाक श्वास ठेव, नायतर ता मरतला. तो प्रत्येक बुश तेल लावलेल्या शाफ्टवर उभा धरायचा. आपल्या वजनाने खाली सरकला तर ठीक, नाहीतर भंगाराच्या पिंपात. लवूकाकांचे पहिल्या वर्षाचे निम्मे बुश पिंपात गेले. त्यानंतर एकही गेला नाही.

"पण काका, इथे फिरायचं नाहीये," बुद्धभूषण म्हणाला. "हे घट्ट धरायचंय. शाफ्ट-बुश नाही हे."

"ठाऊक आहे रे मला."

"मग?"

यावर लवूकाकांनी चष्मा काढून पुसला.

नट कसल्यावर बसेल कदाचित, म्हणून तरी बघू, असं ठरलं. गाडीत सीटा दोनच. मी बसणार होतो, पण लवूकाका आधीच दार उघडून आत उतरले होते. उतरलेच म्हणायला हवं, ती गाडी इतकी खाली आहे. दोघं फ्रीवेवर चेंबूरपर्यंत जाऊन आले. पाऊण तासाने परत आले तेव्हा बुद्धभूषणने काही बोलण्याआधी लवूकाकाच बोलले. त्यांना बाहेर काढायला मी आणि वैभवने एकेक हात धरला होता.

"सत्तरपर्यंत राणी आहे," ते म्हणाले. "ऐंशीला थरथरते. सीटखाली कोणीतरी शिवणाचं मशीन चालवतंय तसं." आणि मग, कोणी न विचारता, "तो माझा श्वास आहे."

वैभव म्हणाला, "काका, होतं कधीकधी."

"होत नाय. मी केलंय ते."

बुद्धभूषणने आणखी एक संधी दिली. वैभवने नसती दिली. तेरा दिवस उरले होते. बुद्धभूषणने स्वतः जाऊन ॲल्युमिनियमचे दोन तुकडे आणले आणि आपला आकडे दाखवणारा मायक्रोमीटर लवूकाकांकडे ठेवला. या वेळी लवूकाकांनी बंदोबस्त केला. अंबिकाकाकीला लेथशेजारी स्टुलावर बसवलं.

"मापाक इला काय मी सांगतंय. मगे माझो हात परत हँडलाक गेलो तर नको म्हण. मोठ्यान म्हण."

"चाळीस वर्सां म्हणतंय. कधी ऐकलात?"

"आता ऐकतलंय."

मीही होतो. मला त्या कामाचा व्हिडिओ हवा होता, दुकानासाठी. अंबिकाकाकी निवडायला वालाच्या शेंगा घेऊन आली होती. मशीन फिरत होतं, रॉकेलचा वास, ॲल्युमिनियमचे चकचकीत वेटोळे खाली पडत होते. मापाला आलं. लवूकाका म्हणाले, "इला." दोन क्षण गेले आणि त्यांचा उजवा हात खरोखरच हँडलकडे निघाला. मी बघितला. एखादं मांजर उठून दुधाकडे जावं तसा, कोणाला न विचारता.

"नको," अंबिकाकाकी म्हणाली.

हात थांबला. लवूकाकांनी तो बनियनला पुसला. मायक्रोमीटरवर आकडा बरोबर आला.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "लग्नाचा फायदा."

दुसऱ्या तुकड्याच्या वेळीही हात निघाला, काकीने नको म्हटलं, हात थांबला. आकडा बरोबर. दोन्ही चकत्यांचा. लवूकाका इतके खुशीत आले की त्यांनी मला रघु मिस्त्रीची नक्कल करून दाखवली. तेवढ्यात चाळीतून कोणी ओरडलं, पाणी आलं. अंबिकाकाकी शेंगांचं सूप उचलून पळाली. पाण्यापुढे सगळं थांबतं, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी चकती अजून चकमध्येच होती. बोअरच्या कडेला बारीक धार राहते, बोट कापतं, ती मोडावी लागते. लवूकाकांनी पॉलिशपेपरचा तुकडा घेतला, मशीन फिरवलं आणि पेपर अंगठ्याखाली धरून कडेला लावला. कडेवरून अंगठा आत गेला. पुढे मागे, पुढे मागे. मग मशीन बंद केलं. तोंडाने ते तेव्हा मला सांगत होते की जगदीश रात्रपाळीला डब्यात सुकट आणायचा आणि सगळं खातं घमघमायचं.

ते सात-आठ सेकंद माझ्या फोनमध्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी दुकानात गाडी उचलली. पहिली चकती हबला लावली, अडली. बुद्धभूषणने लाकडी दांड्याने चारी बाजूंनी हलके ठोके दिले आणि ती बसली, अशी बसली की जणू गाडीबरोबरच जन्माला आली होती. वैभवने शीळ वाजवली. मी लवूकाकांचे कान बघितले, लाल झाले होते.

दुसरी चकती लावली. ती सरकत जाऊन बसली.

दांडा बुद्धभूषणच्या हातात तसाच राहिला. त्याने दोन बोटं लावली. टिक.

मापलं तर केसाएवढा फरक. वैभव हबसमोर बसून होता. म्हणाला, "नट कसल्यावर चालेलही कदाचित. पण मी कदाचितवर चाक नाही लावत, काका. सॉरी."

"बरोबर आहे तुझं," लवूकाका म्हणाले. "पण ही टाइट होती. मी स्वतः मापली. आमच्या हिनेही बघितलं. हा पण होता." हा म्हणजे मी.

मी फोन काढायला नको होता. पण काढला, कारण मलाही बघायचं होतं. आम्ही चौघांनी त्या लहान पडद्यावर डोकी घातली. अंगठा कडेवरून आत गेला, पुढे मागे, पुढे मागे, आणि वरून माझाच मूर्खासारखा हसण्याचा आवाज, सुकटीवर. लवूकाकांनी परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"हो हात कोणाचो?" ते म्हणाले.

बुद्धभूषणने दोन्ही चकत्या फडक्यात गुंडाळल्या. "काका, एक तर परफेक्ट आहे ना. दुसरी परत करू."

"वेळ किती उरलाय तुझ्याकडे?"

"आठ दिवस."

"आठ दिवसांत हात बदलणार नाय."

मला वाटलं होतं ते चिडतील, मशीनला दोष देतील, काकीच्या पाण्याला दोष देतील. मी तसंच केलं असतं. त्यांनी शर्टाच्या खिशातलं चष्म्याचं घर चाचपलं आणि चालत निघाले. माझगावहून काळाचौकी, उन्हातून. मी मागोमाग गेलो. वाटेत एवढंच म्हणाले, "वाईट केलेलं काम समजतं रे. मला कळलंच नाय, हे वाईट."

वैभवने बुद्धभूषणची आकृती वसईला धाडली. तिथलं कॉम्प्युटरवालं मशीन आकडा वाचतं, तेवढंच कापतं आणि थांबतं. दोन दिवसांत जोडी आली, ठोकून बसली, फ्रीवेवर शंभरलाही गाडी गुपचूप. जहाजावर जायच्या आदल्या दिवशी बुद्धभूषण ती मुद्दाम गाळ्यासमोर घेऊन आला. त्याने आणली नसती तरी चाललं असतं, पण तो त्याच्या बापासारखा आहे, तोंड चुकवत नाही.

लवूकाका बाहेर आले आणि मागे जाऊन उकिडवे बसले. चाकं पत्र्याच्या काठाशी बरोबर मिळाली होती. गाडी खाली दबून, रुंद होऊन, जमीन आपल्या मालकीची असल्यासारखी उभी होती.

"आता उभी आहे," ते म्हणाले.

"पुढच्या सुट्टीत समोरच्या चाकांचे करायचेत, काका. तुम्हीच करा."

"नको रे. पुढच्या वेळीही हाच हात असणार."

"काका, असं काय."

"तू जा नीट. बापाला सांग, लवू विचारत होता. आणि बायको बघ, तो बरोबर बोलतो."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गाळ्यातून आवाज आला नाही. साडेदहाला नाही, अकराला नाही. सव्वाअकराला दौलत स्वतः दुकान टाकून आला. मी तेव्हा तिथेच होतो. रात्री उशिरापर्यंत दुकानाचे मेसेज करत बसतो, त्यामुळे वैभव मला बाराशिवाय बोलवत नाही. लवूकाका स्टुलावर बसून होते, अंबिकाकाकी बसायची त्याच.

"आज बंद?" दौलतने विचारलं.

"बंद."

"बिघडलं काय?"

"मशीनला काय धाड भरली? मशीन बरं आहे."

"मग चालव ना. शिमग्याला अजून पंधरा दिवस आहेत. नंतरचं नंतर बघू. मी पार्सलवाल्यांना काहीतरी सांगतो."

"काम नाय, दौलत."

"काम कधी होतं? तू दिवाळीपासून रिकामंच चालवतोयस, मला काय कळत नाही? रॉड सोलतोस तो आवाज वेगळा येतो. मी बोललो कधी?"

लवूकाका त्याच्याकडे बघत राहिले. "तुका ठावक होता?"

"सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अरे, आम्ही म्हटलं, चालवतोय तर चालवू दे."

दौलत हे चांगल्या मनाने बोलला. चांगल्या मनाने बोललेलं परत घेता येत नाही, ही त्यातली अडचण. लवूकाका उठले आणि त्यांनी खांबावरची मेन स्विच खाली ओढली, फ्यूज काढून दौलतच्या हातात दिला. दौलत तो हातात धरून उभा राहिला. त्याला तो कुठे ठेवावा कळेना. मीही तिथे उगाच उभा होतो.

चालू लेथला कोणीतरी गिऱ्हाईक मिळेल म्हणून मी आणि वैभवने चार ठिकाणी फोन केले, फोटोही टाकला. खाली ओळ लिहिली नाही, नुसती मापं दिली. भिवंडीच्या एकाने विचारलं, कॉम्प्युटर बसवता येईल का. एका हॉटेलवाल्याने विचारलं, रिसेप्शनमध्ये ठेवायला नुसता सांगाडा देता का, रंग आम्ही मारू. लवूकाकांनी ते ऐकून पहिल्यांदा शिवी दिली. शिमग्याच्या आठवड्यात भंगारवाल्यांचा टेम्पो आला.

अंबिकाकाकी म्हणाली, तुमी जाव नका. ते गेले. मी सुट्टी घेतली होती, मदतीला म्हणून, पण मदत कसली करणार.

चौघं जण होते. त्यांचा म्होरक्या विकास म्हणून, चाळिशीचा, परळचाच, दंड मांड्यांएवढे. चक काढला, मोटर काढली, टूलपोस्ट काढलं. उरला मशीनचा बेड, ज्यावर सगळं बसतं तो बिडाचा सहा फुटी पाट. तो आख्खा चौघांना उचलवेना, आणि गाळ्याच्या दारातून वळवताही येईना. बीड वाकत नाही, तुटतं. विकासने घण घेतला आणि मधोमध हाणला. बेड नुसता वाजला. आणखी दहा-बारा घाव घातले. चारही जण आळीपाळीने. ठिणग्या आणि कानठळ्या, बाकी काही नाही. दौलतच्या दुकानातून दोन गिऱ्हाइकं बघायला आली.

लवूकाका दारात उभे होते. त्यांनी हात वर केला, विकास थांबला.

"तिथे मारून संध्याकाळ होईल," ते म्हणाले. "तिथे खाली आडवी भिंत आहे, ओतीव. सरक."

ते आत गेले. खाली वाकले, बेडच्या पोटात हात घालून चाचपत पुढे गेले, जसं गाभण म्हशीचं पोट चाचपतात. मग खिशातून खडू काढला आणि वर एक रेघ मारली, डाव्या टोकापासून दीड हातावर. दुसरी, तिच्यापुढे. "इथे आत पोकळ आहे. इथे मार. सरळ नको, जरा तिरका."

विकासने तिरका मारला. तिसऱ्या घावाला बेड रेघेवर तुटला. आतलं बीड करडं, दाणेदार, कधी हवा न लागलेलं. दुसऱ्या रेघेवर दोनच घाव लागले.

तुकडे टेम्पोत चढले. विकास घाम पुसत आला. "बाबा, एक बोलू? आम्हाला आता असलीच मशीनं येतात रोज. शिवडी, रे रोड, सगळे गाळे खाली होतायत. एकेकाला आख्खा दिवस जातो फोडायला. कुठे मारायचं ते कोणाला कळत नाही. तुम्ही सोबत आलात तर आमचं काम निम्मं होईल. बसायला खुर्ची देतो, घणाला हात लावायचा नाही. नुसतं दाखवायचं."

मी लवूकाकांकडे बघितलं. मला वाटलं, आता हॉटेलवाल्याला दिली त्याहून मोठी शिवी बसेल. ते टेम्पोतल्या तुकड्यांकडे बघत होते. तुटलेली कड सरळ आली होती, दोन्ही ठिकाणी.

"उद्या कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"शिवडीला. दोन लेथ, एक शेपर."

लवूकाकांनी रुमालाने हातावरचं खडूचं पीठ झटकलं.

"शेपर सोपा असतो," ते म्हणाले. "किती वाजता निघता?"